क्लोजिंगचा आठवडा

नेटवर्कमधून सौंदर्यप्रसाधनं विकण्याच्या कामात महिन्याचे दोन भाग पडतात. वीस तारखेपर्यंत सगळं शांत असतं. बावीस-तेवीसपासून ग्रुपवर रोज रात्री आकडे यायला लागतात: कोणाचे किती पॉइंट झाले (घेतलेल्या मालावर कंपनी देते ते गुण), कोणत्या लेगमध्ये, म्हणजे आपण आणलेल्या एकेकीच्या खालच्या साखळीत, किती कमी आहेत. अठ्ठावीसपासून फोन सुरू होतात. महिनाअखेरच्या या हिशेबाला सगळ्याजणी क्लोजिंग म्हणतात. जी बाई हे काम सुरू करायच्या विचारात आहे, किंवा चार-सहा महिने करूनही हातात पैसे का उरत नाहीत हे जिला उमगत नाहीये, तिच्यासाठी हे लिहितो आहोत. आम्ही डाउनलाइनमध्ये, म्हणजे दुसरीने आणलेल्यांच्या साखळीतही राहिलो आणि अपलाइन, म्हणजे इतरांना आणणारी वरची, म्हणूनही. मीटिंगा ऐकल्या आणि घेतल्याही. कंपन्या निरनिराळ्या असल्या तरी रीत जवळपास सारखीच असते, म्हणून नावं न घेता रीतच सांगतो.

सुरुवात बहुतेक वेळा डेमोने होते. जागा म्हणजे सोसायटीतलं हळदीकुंकू, भिशी, शाळेच्या गेटवरची ओळख. एका हाताच्या पाठीवर क्लेन्झर, मग स्क्रब, मग सीरम, वरून क्रीम लावतात. दुसरा हात तसाच ठेवतात आणि खिडकीपाशी नेऊन दोन्ही हात शेजारी धरायला लावतात. फरक दिसतोच. स्क्रबने वरची मेलेली त्वचा निघते, ओल धरून ठेवणाऱ्या क्रीमने उजेड एकसारखा परततो आणि हात उजळ दिसतो. किराणा दुकानातला साधा स्क्रब आणि ग्लिसरीन असलेलं कोणतंही क्रीम वापरा, पहिल्या पाच मिनिटांत हाच फरक दिसेल. माल वाईट असतो असं आमचं म्हणणं नाही, बराचसा माल ठीकठाक असतो. पण डेमोने त्या मालाचं वेगळेपण सिद्ध होत नाही. आणि माल आवडल्यावर लगेच येणारं पुढचं वाक्य, 'मग स्वतःच्याच आयडीवर घ्या ना, स्वस्त पडेल', तिथून ग्राहक विक्रेती होते. आयडी म्हणजे कंपनीकडे विक्रेती म्हणून केलेली नोंदणी.

जॉइनिंग फुकट असतं. ते तसं असायलाच लागतं. केंद्र सरकारचे ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम २८ डिसेंबर २०२१ रोजी लागू झाले आणि त्यात प्रवेश शुल्क घ्यायला मनाई आहे. पिरॅमिड योजना आणि पैसे फिरवण्याच्या योजनांनाही मनाई आहे. पैसे फिरवण्याच्या योजनांवर तर १९७८ पासूनच वेगळा कायदा आहे. म्हणून फी घेतली जात नाही, पहिली ऑर्डर घेतली जाते. आधार, पॅन, रद्द केलेला चेक दिला की आयडी लागतो आणि त्याच बैठकीत सांगितलं जातं की आयडी ॲक्टिव्ह करायला पहिल्या महिन्यात अमुक पॉइंटचा माल घ्यावा लागेल. करार ॲपमध्येच असतो. खाली सरकवून खूण करायची, की झाला. या क्षणी करायची गोष्ट एकच: तो करार डाउनलोड करून ठेवा आणि त्यात कूलिंग-ऑफची मुदत किती दिवसांची आहे ते पाहा. त्या मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येतं, आणि ती मुदत करार केल्याच्या तारखेपासून मोजली जाते, पहिलं पार्सल हातात आल्यापासून नाही. पार्सल यायला आठवडा लागला तर तो आठवडा गेलाच.

त्यानंतर यादी. शंभर नावं लिहायला लावतात. शंभर का, तर जवळची वीस-पंचवीस माणसं सगळ्यांना सुचतात आणि त्यापुढे आठवावं लागतं: माहेरच्या गल्लीतली, मुलाच्या वर्गातल्या आया, ब्यूटी पार्लरवाली, जुन्या ऑफिसातली. ज्यांना आपण एरवी कधी काही विकायला गेलो नसतो ती सगळी माणसं कागदावर येतात. यादीतल्या पहिल्या पंधरा-वीसजणी नात्याखातर एकेक वस्तू घेतात. त्यामुळे पहिले दोन महिने चांगले जातात आणि पहिल्या कमिशनचा स्क्रीनशॉट ग्रुपवर जातो. तिसऱ्या महिन्यात त्याच बाईला पुन्हा विचारायचं असतं, तेव्हा तिची लिपस्टिक अजून अर्धीही संपलेली नसते. सौंदर्यप्रसाधनांची ही खरी अडचण आहे. साबण महिन्यात संपतो, लिपस्टिक सहा-आठ महिने पुरते, कॉम्पॅक्ट त्याहून जास्त. पॉइंट मात्र दर महिन्याला शून्यावर येतात.

आता हिशेब, सावकाश.

एका लिपस्टिकची छापील किंमत समजा ४९९ रुपये आणि तुम्हाला ती पडते ३९९ रुपयांना. मीटिंगमध्ये सांगतात, नगामागे शंभर रुपये. ग्राहक दहा टक्के कमी कर म्हणतेच, कारण तोच माल ऑनलाइन त्याहून कमी किमतीत दिसतो. तो तिथे का दिसतो, तर क्लोजिंगला घेतलेला माल मोकळा करायला दुसऱ्याच कुठल्या तरी बाईने तो आपल्या खरेदीच्या किमतीत विकायला काढलेला असतो. म्हणजे ४४९ रुपये हातात आले, पन्नास राहिले. एकदा शेड दाखवायला आणि एकदा नग द्यायला शेअर रिक्षाचे वीस-वीस रुपये धरले, तर दहा उरले. टेस्टर, कॅटलॉग, पिशव्या आणि उधारी यात धरलेली नाही. घराशेजारच्या ग्राहकांवर पन्नास सुटतील, लांबच्यांवर काही सुटत नाही.

म्हणून सगळी आशा कमिशनवर. कमिशन टप्प्यांनी चढतं. आकडे कंपनीगणिक बदलतात, रीत समजावी म्हणून एक साधा प्लॅन धरू: ग्रुपचे, म्हणजे तुमचे आणि तुमच्या खालच्या सगळ्याजणींचे मिळून, ३०० पॉइंट झाले की ६ टक्के, ६०० झाले की ९ टक्के, आणि एक पॉइंट म्हणजे जीएसटी सोडून ३० रुपयांचा माल. अठ्ठावीस तारखेला तुमच्या ग्रुपचे ५२० पॉइंट झालेत, म्हणजे १५,६०० रुपयांचा माल. सहा टक्क्यांनी ९३६ रुपये. आता फोन येतो: 'ताई, फक्त ऐंशी पॉइंट राहिलेत हो, एवढ्यावर येऊन सोडायचं का?' ऐंशी पॉइंट म्हणजे २,४०० रुपयांचा माल, त्यावर १८ टक्के जीएसटी, खिशातून जाणार २,८३२ रुपये. ग्रुपचा माल होईल १८,००० रुपयांचा, नऊ टक्क्यांनी १,६२०. आधीच्या ९३६ पेक्षा ६८४ रुपये जास्त. तुमच्या डाउनलाइनचं कमिशन यातून वजा होतं, पण ते दोन्हीकडे सारखंच वजा होतं, त्यामुळे फरक तोच राहतो. ६८४ रुपये मिळवण्यासाठी २,८३२ रुपये आज भरायचे आणि वरच्या दराच्या सात-आठ लिपस्टिक घरात आणायच्या.

'माल कुठे जातोय, विकला की पैसे सुटतील' असं तेव्हा सांगितलं जातं, आणि ऐकायला ते बरोबर वाटतं. पण पुढच्या महिन्यात एखाद्या ग्राहकाने लिपस्टिक मागितली, तर तुम्ही ती कपाटातून काढून देणार. कंपनीकडे ऑर्डर जाणार नाही, पॉइंट लागणार नाहीत. म्हणजे पुढच्या क्लोजिंगला तूट ऐंशीची न राहता दीडशेची होते. ती भरायला आणखी माल, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. पुढच्या शेताची माती काढून या शेताचा खड्डा बुजवायचा, तसं हे चालतं. कपाट का भरत जातं आणि मेहनत वाढूनही तूट का वाढते, याचं कारण एवढंच आहे. यात त्या बाईच्या कष्टाचा किंवा बोलण्याच्या कौशल्याचा काही दोष नसतो. विक्री वाढवा, माणसं वाढवा, आत्मविश्वास वाढवा असं तिला सांगत राहणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तो आम्हाला आजही सहन होत नाही.

फोन करणारी अपलाइन लबाड असते असंही नाही. तुम्ही सहावरून नऊ टक्क्यांवर गेलात, तर तुमच्या ग्रुपवरचा तिचा फरक उलट कमी होतो. तरीही ती आग्रह करते, कारण तिच्या पुढच्या पातळीसाठी नऊ टक्क्यांवरचे तीन लेग लागतात आणि त्यातला तिसरा लेग तुम्ही असता. तिला तिच्या वरच्या मॅमचा फोन आलेला असतो. 'तुमच्यामुळे माझी लेव्हल अडलीय' हे वाक्य ती खोटं बोलत नाही. म्हणूनच ते नाकारणं फार जड जातं. इतकी जिवाभावाची मैत्रीण, मुलीच्या वाढदिवसाला आलेली, आणि ऐंशी पॉइंटसाठी तिला नाही म्हणायचं! दबाव साहेबाचा असता तर सोपा होता. हा मायेच्या माणसाकडून येतो.

मग तडजोडी सुरू होतात. सासूच्या, नणंदेच्या नावाने आयडी लावायचा आणि त्यावर माल घ्यायचा. नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर हप्ते पाडायचे. भिशी आधी उचलायची. बचत गटातून शिलाई मशीनच्या नावाखाली घेतलेलं कर्ज इकडे लावायचं. यातलं शेवटचं सगळ्यात वाईट, कारण हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्या बायकांनाही कर्ज मिळायला अडचण येते. कार्डावरची थकबाकी नुसता किमान हप्ता भरून पुढे ढकलली तर व्याज वर्षाला ३५-४० टक्क्यांच्या घरात जातं. त्यापुढे नऊ टक्के कमिशन कुठे पुरणार?

मालाचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. लिपस्टिकच्या दहा शेडमधल्या दोन-तीनच चालतात: विटकरी, मरून, एखादा गुलाबी. ऑफरमध्ये सेट येतो, त्यातल्या बाकीच्या शेड राहतात. फाउंडेशनचं तर फारच अवघड. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना मधल्या दोन-तीन शेड लागतात आणि अगदी फिक्या बाटल्या तशाच उरतात. नागपूर-अकोल्याच्या एप्रिल-मे महिन्यात बंद कपाटातल्या लिपस्टिकवर घामासारखे तेलाचे थेंब येतात आणि क्रीममध्ये पाणी आणि तेल वेगळं व्हायला लागतं. व्हिटॅमिन सीचं सीरम पिवळं, मग तपकिरी होतं. तपकिरी झालं की ते विकू नये. मस्कारा उघडल्यावर तीन ते सहा महिनेच वापरावा, त्यामुळे त्याचा टेस्टर वर्षभर पर्समध्ये फिरवणं चुकीचंच, डोळ्याचा संसर्ग एकीकडून दुसरीकडे जातो. डब्यावर उघड्या बरणीचं चित्र आणि त्यात १२एम असं असेल, तर उघडल्यापासून बारा महिने. न उघडलेल्या डब्यासाठी छापलेली शेवटची तारीख. दोन्ही वेगळ्या आहेत आणि ऑफरमधला माल घेताना ही दुसरी तारीख आधी पाहायची, कारण ऑफर पुष्कळदा तारीख जवळ आलेल्या मालावरच असते.

आणखी एक गोष्ट ठासून सांगायची आहे. क्रीम लावल्यावर पुरळ उठलं, आग झाली, चेहरा लाल झाला, तर ग्रुपवर उत्तर ठरलेलं असतं: 'आतली घाण बाहेर पडतेय, बंद करू नका, वापर वाढवा.' हे साफ चूक आहे आणि धोकादायक आहे. पुरळ आणि आग म्हणजे त्वचेला ते सोसत नाहीये. लावणं त्याच क्षणी थांबवायचं, साध्या पाण्याने धुवायचं, दोन दिवसांत उतरलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञ. विकण्याआधी कानामागे किंवा हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून ४८ तास थांबायला सांगावं. वांग, सोरायसिस, एक्झिमा बरा होईल असं सांगणं तर सौंदर्यप्रसाधन विकणाऱ्या कोणालाच कायद्याने करता येत नाही. बरं करण्याचा दावा औषधाचा असतो. पोस्ट अपलाइनने बनवून दिलेली असली तरी ग्राहक जाब विचारणार तो तुम्हालाच.

सेमिनारबद्दल थोडंच. तिकीट असतं, प्रवास आणि राहणं आपलं. स्टेजवर कार, परदेश दौरे, टाळ्या. कंपनीच्या एकूण विक्रेत्यांपैकी किती जणींना महिन्याला किती मिळतं आणि खर्च वजा जाता किती उरतं, हा आकडा स्टेजवर ऐकायला मिळत नाही. तो विचारा. उत्तर म्हणून एखादीची गोष्ट सांगितली गेली, तर आकडा मिळाला नाही असं समजा.

आणि 'प्रत्येकीने फक्त सहाजणी आणायच्या' हे कागदावर स्वतः करून पाहा. सहा, छत्तीस, २१६, १,२९६... दहाव्या पायरीला सहा कोटींच्या वर, अकराव्या पायरीला छत्तीस कोटींच्या वर. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ११.२४ कोटी, तान्ह्या बाळांसकट. म्हणजे खालच्या पायरीवरच्या बायकांना माणसं मिळणार नाहीत हे प्लॅन काढतानाच ठरलेलं असतं, आणि कुठल्याही क्षणी बहुतेक बायका खालच्या पायरीवरच असतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या कॉस्कॉट इंटरप्लॅनेटरी या कंपनीचं प्रकरण १९७५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने निकालात काढलं. तीही सौंदर्यप्रसाधनंच विकायची. विक्रेतीने आधी पैसे गुंतवायचे आणि तिला मोबदला मिळायचा तो माणसं आणण्याबद्दल, बाहेरच्या खऱ्या ग्राहकाला झालेल्या विक्रीबद्दल नाही. असं असेल तर तो पिरॅमिड, ही कसोटी त्या निकालातून आली आणि आजही लावली जाते. आपल्या ग्रुपला ती लावून पाहणं सोपं आहे. या महिन्याच्या एकूण पॉइंटपैकी आयडी नसलेल्या माणसांनी विकत घेतलेला माल किती? आम्ही पाहिलेल्या ग्रुपांत हा भाग फार लहान असायचा. बाकी सगळं एकमेकींनीच घेतलेलं.

तुमचा स्वतःचा हिशेब काढायला एक दुरेघी वही आणि बँकेचं स्टेटमेंट पुरतं. ॲपमधली कमाई पाहू नका, ती एकच बाजू दाखवते. डावीकडे कंपनीला गेलेला प्रत्येक रुपया, रिचार्ज, रिक्षा, कुरिअर, सेमिनार, भेट म्हणून दिलेले नग, पार्टीचा नाश्ता. उजवीकडे ग्राहकाकडून प्रत्यक्ष आलेला पैसा आणि खात्यात जमा झालेलं कमिशन. उधारी उजवीकडे लिहायची नाही. कपाटातला मालही लिहायचा नाही. तो विकला जाईल तेव्हा लिहू. सहा महिन्यांची बेरीज करा. घरात वापरलेल्या वस्तूंची किंमत बाजारात तशाच वस्तूला जी पडली असती तेवढीच धरा, छापील किंमत नको. ही बेरीज एकटीने करू नका, घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवा. लपवलेले आकडे तेव्हाच बाहेर येतात, आणि ओझं तिथेच निम्मं हलकं होतं.

थांबायचं ठरलं तर क्रम महत्त्वाचा. आधी ॲपमधली सगळी बिलं, पॉइंटची महिनावार पानं आणि कमिशनचे तक्ते उतरवून ठेवा. आयडी बंद झाला की लॉगिन जातं. ऑटो-ऑर्डर (दर महिन्याला आपोआप जाणारी ऑर्डर) चालू असेल तर ती बंद करा, आणि कार्डावर दिलेली परवानगी बँकेच्या ॲपमधूनही काढा. मग माल लावून घ्या: सील शाबूत आणि तारीख लांब असलेला एकीकडे, बाकीचा दुसरीकडे. करारात माल परत घेण्याचं कलम सहसा असतं. अटी साधारण अशा की नग न उघडलेला हवा, कॅटलॉगमध्ये अजून चालू हवा, बिल हवं आणि खरेदीला ठरावीक दिवसांपेक्षा जास्त झालेले नसावेत. मिळालेलं कमिशन त्यातून कापून घेतात, त्यामुळे पूर्ण रक्कम येणार नाही हे धरूनच चाला. अपलाइनला फोन न करता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवा, नाव आणि पत्ता वेबसाइटवर द्यावाच लागतो. नियमाप्रमाणे पोच ४८ कामकाजी तासांत आणि निवारण साधारण महिन्याभरात व्हायला हवं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तिथे शुल्क नाही. 'तुम्ही विक्रेत्या, ग्राहक नाही' असं कंपनी म्हणेल. केवळ पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेऊन वापरलेला माल व्यापारी हेतूचा धरला जात नाही असं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टीकरण आहे, ते अर्जात लिहा; पण पुन्हा विकायला घेतलेला माल त्याच कायद्यात वेगळा वगळलेला आहे, म्हणून हा मुद्दा टिकेलच असं धरू नका. कमिशनमधून टीडीएस कापलेला असेल आणि तुमचं उत्पन्न करपात्र नसेल, तर रिटर्न भरून तोही परत मिळतो.

तुम्ही आणलेल्या बायकांना मात्र हे सगळं होईपर्यंत थांबवून ठेवू नका. थांबायचं ठरलं त्याच दिवशी त्यांना प्रत्यक्ष भेटा आणि या क्लोजिंगची ऑर्डर टाकू नका म्हणून सांगा. महिन्याभरात आलेली एखादी असेल तर तिची कूलिंग-ऑफची मुदत अजून बाकी असण्याची शक्यता आहे. तिचा करार उघडून तारीख मोजा आणि तिचा ईमेल तुमच्या ईमेलच्या आधी पाठवा.